इस्लामी बँकांवरील धर्ममंडळें व त्यांचा अधिकार

व्याज न घेतां चालणाऱ्या इस्लामी बँकांचें नांव आपल्याकडे अनेकांच्या कानांवर आहे. परंतु ह्या बँकांत धर्मशास्त्रज्ञांचें जें एक मंडळ असतें त्याचें स्वरूप काय, व त्याचा शब्द कोणावर बंधनकारक, ह्याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. तो येथें संक्षेपानें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम मंडळाचें काम पाहूं. कुराणानें 'रिबा' निषिद्ध मानला असल्यामुळें अशी बँक कर्ज देऊन व्याज घेत नाहीं. ती क्रयविक्रय करते. कारखानदारास यंत्र पाहिजे असल्यास बँक तें आधीं स्वतः विकत घेते, व ठरीव नफा सांगून त्यास हप्त्यांनीं विकते. ह्या व्यवहारास 'मुराबहा' म्हणतात. आतां यंत्र क्षणभरही बँकेच्या मालकीचें झालें नाहीं, केवळ कागद इकडचे तिकडे झाले, तर तो नफा नव्हे. नांव पालटलेलें व्याजच होय. म्हणून खरेदी आधीं झाली कीं विक्री, मधल्या काळांत नुकसानीची जोखीम कोणावर होती, हें पाहणें अगत्याचें ठरतें. करारांचे मसुदे संमत करणें, वार्षिक अहवाल देणें, आणि निषिद्ध मार्गानें आलेली रक्कम नफ्यांत न धरतां धर्मादाय करविणें, हींही कामें मंडळाकडेच असतात.

दुबई इस्लामिक बँक १९७५ सालीं व ईजिप्तमधील फैसल इस्लामी बँक १९७७ सालीं निघाली. धर्ममंडळाची प्रथा ह्याच सुमारास रूढ होऊं लागली. संस्था नवी, पण शब्द जुने. मराठेशाहीच्या कागदपत्रांत काजी वारंवार भेटतो. काजी हा राजसत्तेनें नेमलेला न्यायाधीश. त्याचा निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक. मुफ्तीची गोष्ट निराळी. तो पृच्छकास शास्त्रार्थ सांगतो. त्याचा फतवा हें विद्वानाचें मत, आज्ञा नव्हे. बँकेचें मंडळ ज्ञानानें मुफ्ती, बँकेपुरतें अधिकारानें काजी, आणि मानधनासाठीं त्याच बँकेवर अवलंबून, असें आहे. सर्व अडचणींचें मूळ ह्या तिहेरी स्थितींत आहे, असें आमचें मत आहे.

बहरीन येथें १९९१ पासून इस्लामी वित्तसंस्थांच्या हिशेबाचे व तपासणीचे दंडक ठरविणारी एक संस्था आहे. मंडळांत निदान तीन शास्त्रज्ञ असावेत, त्यांत संचालक वा मोठे भागधारक नसावेत, नेमणूक भागधारकांच्या सभेनें करावी, व मंडळाचा निर्णय बँकेनें पाळावा, असा तिचा दंडक आहे. मनुस्मृतीच्या १२ व्या अध्यायांतही धर्मनिर्णयासाठीं दहा किंवा निदान तीन विद्वानांची परिषद् सांगितली आहे, हें साम्य लक्षांत येण्यासारखें आहे. परंतु नेमणुकीची शिफारस संचालकांचीच असते, आणि तेच मोजके विद्वान अनेक बँकांच्या मंडळांवर बसलेले आढळतात.

ह्याचा परिणाम 'सुकूक' प्रकरणांत दिसला. मालमत्तेंतील हिस्सा दर्शविणारे हे रोखे. ते मुदतीअखेर मूळ किंमतीसच परत घेण्याचें वचन आधींच दिलें, तर धनकोस तोट्याची जोखीम उरत नाहीं व रोखा कर्जासारखा होतो. वरील संस्थेच्या धर्ममंडळाचे अध्यक्ष मुहम्मद तकी उस्मानी ह्यांनीं २००७ सालीं आखातांतील सुमारें ८५ टक्के सुकूक शास्त्रास धरून नाहींत असें सांगितलें. पुढें २०१७ सालीं शारजाच्या दाना गॅस कंपनीनें आपलेच ७० कोटि डॉलरचे सुकूक अवैध असल्याचें सांगून देणें थांबविलें. लंडनच्या न्यायालयानें त्याच वर्षीं परतखरेदीचें वचन इंग्रजी कायद्यानें वैध ठरविलें. तंटा २०१८ सालीं तडजोडीनें मिटला. धर्माच्या भरंवशावर पैसा गुंतविणाऱ्यास शेवटीं आधार मिळाला तो इंग्रजी कायद्याचा.

मलेशियानें निराळा मार्ग धरला. तेथील मध्यवर्ती बँकेनें १९९७ सालीं सर्व बँकांवर एक वरिष्ठ धर्मपरिषद नेमली. २००९ च्या कायद्यानें तिचा निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक केला. एकाच वर्गाच्या दोन संस्थांच्या मंडळांवर एका विद्वानास बसूं दिलें जात नाहीं. न्यायाधीशाचा अधिकार परिषदेकडे जातो, हा आक्षेप २०१९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायासनापुढें आला, व पांच विरुद्ध चार अशा मतांनीं फेटाळला गेला. चार न्यायाधीश विरुद्ध होते, ह्यावरून प्रश्नाचें काठिण्य कळून येतें.

तात्पर्य, मंडळ आहे एवढ्यानें ठेवीदाराचें समाधान होऊं नये. त्यास कोण नेमतो, मानधन कोण देतो, आणि त्याचा निर्णय चुकल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हें त्यानें विचारावें. शास्त्रज्ञांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्याची परीक्षा करावयाची त्याच्याच हातीं परीक्षकाची नेमणूक राहिली, तर निर्णय योग्य असूनही लोकांच्या मनांतील संशय जात नाहीं. ज्या संस्थेचें सारें भांडवल विश्वास हेंच, तिला हा संशय परवडणारा नाहीं.