दहा सेंटिमीटरचे मिग-२१

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या तळावर मिग-२१ला भारतीय हवाई दलाने निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत होते. महाराष्ट्राशी त्याचे नाते जवळचे आहे. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी, आणि पुढे तिथून शेकडो मिग बाहेर पडली. आता हे विमान उरले आहे ते संग्रहालयांत, चौकांतल्या चौथऱ्यांवर, छायाचित्रांत आणि हौशी मंडळींनी टेबलावर जोडलेल्या प्लास्टिकच्या प्रतिकृतींत. यातला शेवटचा प्रकार पोरखेळ समजला जातो. नीट अभ्यास करून केलेली प्रतिकृती ही इतिहासलेखनाचीच एक रीत आहे, आणि एका बाबतीत ती लेखनापेक्षाही कडक आहे, असे माझे मत आहे. लेखकाला जे ठाऊक नसते ते तो गाळू शकतो. प्रतिकृती करणाऱ्याला डावा पंख कोरा ठेवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटचा मारा केला, हे वाक्य खरे आहे आणि वाचकाला पुरेसेही आहे. पण त्यातलेच एक विमान बनवायचे ठरवले की पहिला प्रश्न उभा राहतो, मिग-२१ म्हणजे नेमके कोणते? भारताने या विमानाचे अनेक अवतार वापरले. हल्ल्यातले विमान एफएल प्रकारचे होते. त्याच्या पाठीवरचा कणा नंतरच्या एमएफ किंवा बिसपेक्षा सडपातळ असतो. कॉकपिटचे काचेचे झाकण पुढच्या बाजूला कलून उघडते. नंतरच्या प्रकारांत ते बाजूला कलते. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगायला एकेकच जागा आहे, नंतरच्या प्रकारांत दोन-दोन. एफएलला अंगची तोफही नव्हती. हवी तेव्हा ती पोटाखाली वेगळ्या आवरणात बसवावी लागे. मग त्या दिवशी पोटाखाली काय होते, तोफ की जादा इंधनाची टाकी? पंखांखालच्या नळकांड्यांत प्रत्येकी सोळा, म्हणजे एका विमानावर बत्तीस रॉकेटे होती, हे कळते. उरलेले शोधावे लागते. दुकानातून आणलेले किट एमएफचे निघाले तर कणा कापून, घासून पुन्हा घडवावा लागतो. युद्धावरचे जाडजूड पुस्तक वाचूनही हे प्रश्न एखाद्याला पडणार नाहीत. हातात पॉलिश पेपर घेतलेल्या माणसाला ते टाळताच येत नाहीत.

खरी कसोटी रंगाची. साठच्या दशकात आपली एफएल विमाने बहुतेक उघड्या धातूच्या रूपातच उडत. १९७१च्या सुमारास त्यांतल्या अनेकांवर घाईने हिरवे पट्टे आणि ठिपके चढवले गेले. सर्वांवर एकच नमुना नव्हता. त्यामुळे 'युद्धातल्या मिगचा रंग' असे एकच उत्तर देता येत नाही. एक ठरावीक क्रमांकाचे विमान आणि एक ठरावीक काळ निवडावा लागतो. त्या काळची छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत, आणि करड्या छटेवरून हिरवा किती गडद होता हे खात्रीने सांगता येत नाही. चौथऱ्यावरचे विमान पाहून यावे म्हटले तर ते निवृत्तीनंतर पुन्हा पुन्हा रंगवलेले असते. त्यावरून आकार तपासता येतो. रंगाच्या बाबतीत त्याची साक्ष धरता येत नाही. कॉकपिटच्या आतली रशियन निळसर-हिरवी छटा मात्र आजही अनेक विमानांत मूळची सापडते, कारण तिथे रंगाऱ्याचा ब्रश सहसा पोचत नाही.

धातूचा भास निर्माण करणे हे या छंदातले सर्वांत अवघड काम. आधी सगळे अंग आरशासारखे गुळगुळीत करून त्यावर चकचकीत काळा थर द्यावा लागतो, मग एअरब्रशने धातुरंगाचे अतिशय पातळ फवारे. एक ओरखडा राहिला तरी तो चमकून उठतो. इंजिनाभोवतीचा शेपटाकडचा पत्रा उष्णतेने काळवंडलेला, तपकिरी झाक आलेला असतो, म्हणून तिथली छटा वेगळी ठेवतात. यानंतर हिरवा रंग, तोही असा की कडांना आणि माणसांचे पाय पडतात त्या जागी खालचा धातू डोकावेल. इथे कारागिरीचा क्रम आणि इतिहासाचा क्रम एक होतो: तळावरही आधी धातूच होता, हिरवा नंतर आला. मग पुन्हा चकचकीत वार्निश, कारण खरबरीत पृष्ठभागावर चिकटवलेल्या डिकलखाली, म्हणजे चिन्हांच्या पातळ चिकटचित्राखाली, हवा अडकते आणि ते चंदेरी दिसू लागते. हवाई दलाच्या चक्रातले बाहेरचे केशरी, मधले पांढरे आणि आतले हिरवे वर्तुळ नीट बसले की शेवटचा मंद थर द्यायचा.

यावर पहिला आक्षेप असा की सुटे भाग कारखान्यात साच्यातून निघतात, आपण फक्त चिकटवतो. त्यात अभ्यास कसला? याच्या उत्तरासाठी अशा प्रतिकृतींच्या प्रमाणाचा इतिहास पाहावा. १:७२ या प्रमाणात सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो. याच मापाची प्लास्टिकची किटे ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६ साली बाजारात आणली. १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच मापाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती करून घेण्याची योजना आखली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून. आकारातल्या चुकीची किंमत तेव्हा जिवाने मोजावी लागली असती. आजही किट ही केवळ सुरुवात असते. मिगच्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरांहून थोडा कमी. टेबलावर तो दहा सेंटिमीटर भरतो. या मापात जोडावरची दशांश मिलिमीटरची पायरी म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरांची कड. साचा ती घालवत नाही. ती पुट्टीने भरून, घासून घालवावी लागते.

हाच हिशेब पुढे नेला की दुसरा आक्षेप येतो. खऱ्या पत्र्यांमधली एक मिलिमीटरची फट या मापात दिसणारच नाही, तरी प्रतिकृतीवर पत्र्यांच्या रेषा ठळक कोरलेल्या असतात. मग हे खोटेच नव्हे का? मला तसे वाटत नाही. नकाशावर रस्ता प्रमाणापेक्षा रुंद काढतात, नाहीतर तो वाचता येत नाही, इथेही तेच. अतिशयोक्ती किती करायची याचे तारतम्य हवे, एवढेच. विमानाचा प्रत्येक जोड काळ्या शाईने भरून टाकणारी हल्लीची पद्धत मात्र मला पटत नाही. हवाई दलाचे तंत्रज्ञ विमान पुसूनच धावपट्टीवर पाठवत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. लेखक 'बहुधा' म्हणू शकतो. प्रतिकृतीवर अंदाजाने लावलेला हिरवा आणि पुराव्याने लावलेला हिरवा सारखेच दिसतात. मघाशी मी जिला कडक शिस्त म्हटले, तीच इथे अडचण होते: कोरे सोडता येत नाही म्हणून माणूस रेटून भरतो. हे मान्यच केले पाहिजे. उपायही साधा आहे, तो फक्त पाळला जात नाही. ज्या विमानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे आहेत तेच निवडावे, आणि प्रतिकृतीसोबत एक चिठ्ठी ठेवावी: क्रमांक कोणता, काळ कोणता, काय छायाचित्रातून घेतले, काय अंदाजाने. स्पर्धांमध्ये सफाईला गुण मिळतात. या चिठ्ठीलाही मिळायला हवेत.

युद्धयंत्रे घरात सजवून ठेवावीत का, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. मिगच्या अपघातांत गेलेले तरुण वैमानिक दहा सेंटिमीटरच्या प्लास्टिकमध्ये दिसत नाहीत. पण ज्याने विमानाचा क्रमांक शोधून काढला, त्याला त्या विमानाचे पुढे काय झाले हेही बहुधा कळते. 'शूर विमाने' अशा मोघम गौरवापेक्षा एका क्रमांकाचा मागोवा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

हा मागोवा सरकारी दप्तरांपेक्षा घरच्या अल्बमांतून जास्त लागतो. ओझरच्या कारखान्यात, पुण्याच्या लोहगावला किंवा इतर तळांवर नोकरी केलेल्यांच्या कपाटांत साठ-सत्तरच्या दशकांतले रंगीत फोटो अजून असतील, पाठीमागे विमान उभे असलेले. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी ते स्कॅन करावेत. फोटोत कोण आहे, कुठे आणि कोणत्या साली काढला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे.