शेगडी एक, गॅस दोन



गळिताचा हंगाम आणि निफाडची थंडी आपल्याकडे जोडीनेच येतात. ऊसतोड चालू, घरात माणसांचा राबता, चहाचे आधण काही खाली उतरत नाही. आणि नेमका त्याच दिवसांत गोबरगॅस रुसतो. टाकीतले जिवाणू ३० ते ३५ अंश उबेत जोमाने काम करतात. पारा १५ अंशांच्या खाली गेला की तेही गारठतात. शेण तेवढेच घालायचे, पण गॅस निम्म्यावर. मग सिलिंडर हाताशी लागतोच. म्हणून बऱ्याच घरी गोबरगॅस आणि सिलिंडर दोघेही नांदतात.

आमच्या घरीही तसेच आहे. ओट्यावर दोन शेगड्यांची अडगळ नको, म्हणून मागच्या दिवाळीनंतर आम्ही नाशकातून दोन बर्नरची एक जुनी शेगडी आणली. विकणारा म्हणाला, "दोन्ही गॅसवर चालते काका, बघायलाच नको." आम्हीही बघितले नाही. चूक झाली ती तिथेच.

घरी येऊन सिलिंडरची नळी जोडली. आईने काडी ओढली, आणि निळ्या ज्योतीऐवजी हातभर पिवळा जाळ भपकन वर आला. आईचा पदर थोडक्यात वाचला. आम्ही धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला, तेवढ्या वेळात वरच्या फळीला काजळी धरली होती. आई एवढेच म्हणाली, "ही अवदसा आधी घराबाहेर ने."

दुसऱ्या दिवशी शेगडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बर्नर उचलला, आतले पितळी जेट काढले आणि उजेडाकडे धरून आम्हांस दाखवले. "हे बघा भाऊ, भोक ड्रिलनं वाढवलंय. ही शेगडी गोबरगॅसवर होती. तुम्ही तिला सिलिंडर पाजलात, मग ती भडकणारच."

मिस्त्रींनी समजावले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन ५५ ते ६५ टक्के. बाकीचा बहुतेक भाग न जळणारा कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे तेवढीच आच हवी तर सिलिंडरच्या गॅसच्या चौपटीहून अधिक गोबरगॅस जाळावा लागतो. शिवाय दाबही कमी. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाने येतो. तरंगत्या टाकीच्या गोबरगॅसचा दाब १०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून गोबरगॅसच्या जेटचे भोक व्यासाने दुप्पट-अडीचपट मोठे असते. त्याच भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला तर तो गरजेच्या पाच-सहापट बाहेर पडतो. त्याला जळायला हवा पुरत नाही. जाळ पिवळा होतो, काजळी धरतो.

उलटही खरे. सिलिंडरच्या शेगडीवर गोबरगॅस जोडला तर ज्योत मिणमिणती. नुसते जेट मोठे करूनही भागत नाही. गोबरगॅसची ज्योत मंद चालीची; हवा जास्त झाली की ती बर्नरवरून उचलते आणि विझते. त्यासाठी मोठ्या भोकांचा बर्नर आणि हवा कमी-जास्त करायची चकती लागते.

आम्ही म्हणालो, "मग एक बाजू सिलिंडरची आणि एक गोबरगॅसची करून द्या." मिस्त्रींनी शेगडी उलटी केली. खाली दोन्ही बर्नरना गॅस पुरवणारी नळी एकच होती. ते म्हणाले, "खरा धोका हा आहे. या एकाच नळीत दोन्ही गॅस जोडले, तर सिलिंडरचा जोर जास्त. तो तुमच्या गोबरगॅसच्या पाइपात उलटा शिरणार, टाकीपर्यंत जाणार. शेगडी एक ठेवा, पण नळ्या दोन पाहिजेत."

त्यांनी तसेच केले. मधली नळी काढून दोन्ही बाजूंना स्वतंत्र तोंडे दिली. उजवीकडे सिलिंडरचे नवे जेट, डावीकडे गोबरगॅसचा जेट-बर्नर. कॉकमधले ग्रीस वाळून गॅस झिरपत होता. गोबरगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड पितळ खातो, त्याने एक कॉक जाम झाला होता, तो बदलला. शेवटी साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड तपासला. बुडबुडा कुठे आला नाही, तेव्हाच काडी ओढली. आम्ही घरी दोन्ही नळ्यांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या बांधल्या आहेत.

आता हिशेब. जुन्या शेगडीची किंमत आणि दुरुस्तीची मजुरी मिळून ती स्वस्तात पडली असे म्हणवत नाही. असा जाणता मिस्त्री जवळ नसेल, तर गोबरगॅसची एक बर्नरची वेगळी शेगडी घ्यावी हेच बरे. घरी बसून ड्रिल चालवू नये.

जुनी शेगडी घ्यायचीच, तर आधी ती कोणत्या गॅसवर होती ते विचारा आणि जेट काढून बघा. नाशिक शहरात आता नळाने नैसर्गिक वायू येतो. त्यासाठीही जेट बदललेले असते. आय.एस.आय. शिक्क्यावर विसंबू नका. आतले जेट बदलले की तो शिक्का नावापुरताच. रबरी नळी पाच वर्षांनी बदला. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर १९०६ या क्रमांकावर कळवा.

मात्र या धास्तीने कुणी गोबरगॅस मोडू नये. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरांचे. ३३ घनमीटर गोबरगॅसची उष्णता १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतकी. टाकी पूर्ण चालली तर सोळा-सतरा दिवसांत एक सिलिंडर वाचतो, आणि स्लरी उसाला मिळते ती वेगळीच. थंडीत शेण कोमट पाण्यात कालवून घातले तर गॅसही थोडा सावरतो.

परवा आईने दोन्ही बर्नर पेटवले. एकीकडे दूध, दुसरीकडे भाकरी. दोन्ही ज्योती निळ्या. पण काडी ओढण्याआधी ती अजून पदर खोचून एक पाऊल मागे सरते. जुनी वस्तू आम्ही न बघता आणली, त्याची ही आठवण.