बोंबलाचे पोट आणि आपले ताट

सोलापूरच्या भवानी पेठेतून समुद्र गाठायचा तर रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते. ताजी मासळी इथे उजनीची; समुद्राची येते ती बहुतेक वाळूनच. तव्यावर परतलेली सुकट किंवा भाजलेला बोंबील आणि ज्वारीची कडक भाकरी, एवढ्यावर जेवण भागते. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. विक्रेत्यापुढे हे दोन ढीग शेजारी-शेजारी असतात. समुद्रात मात्र त्यातला एक दुसऱ्याला खाऊन जगतो.

फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरच्या ग्रंथात बोंबलाचे शास्त्रीय वर्णन केले. भारतात तो मुबलक मिळतो तो गुजरात-उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात. रत्नागिरीच्या दक्षिणेला तुरळक. अंग लिबलिबीत, मांसात पाणीच फार. पण जबडा पाहिला की हा शिकारी आहे हे कळते. तोंड खोलवर फाटलेले, दात बारीक, टोकदार आणि आत वळलेले. पकडलेले भक्ष्य मागे सुटत नाही.

तो काय खातो, हे पोट फाडूनच कळते. जठरातले अन्न वेगळे करायचे, ओळखायचे, मोजायचे आणि कोणता जीव किती पोटांत सापडला याचा हिशेब मांडायचा. यात एक अडचण असते. जाळ्यात कोंडलेला मासा शेजारचाच जीव गिळतो किंवा खाल्लेले ओकून टाकतो. म्हणून एका दिवसाच्या मासळीवरून निष्कर्ष काढता येत नाही. एस. व्ही. बापट यांनी बोंबलावर लिहिलेला प्रबंध केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून आणि इतर अभ्यासांतून दिसते ते असे: बोंबलाचे मुख्य अन्न जवळा आणि इतर बारीक कोळंबी, जोडीला मांदेलीसारखे छोटे मासे. आणि स्वतःचीच पिल्ले! मोठा बोंबील लहान बोंबलाला सहज गिळतो.

जवळ्याचे थवे जिथे, तिथे बोंबील. आणि डोळ जाळेही तिथेच. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून रोवलेल्या या पिशवीसारख्या जाळ्याचा शेवटचा भाग बारीक आसांचा असतो. त्यात जवळा येतो, मोठा बोंबील येतो आणि बोटाएवढी पिल्लेही येतात. किनाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या दोरीवर, बोंबील टांगताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवतात. शिकार धरणारे दात इथे दोरीवर तोल धरतात. मीठही लागत नाही, ऊन आणि वारा पुरतो.

म्हणजे जवळा उपसला की बोंबलाचे अन्न घटते आणि त्याच ओढीत त्याची पुढची पिढीही जाते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबीही ठरवली. हे नियम बंदरावर पाळले जातील, पण बाजारात पिल्लांना गिऱ्हाईक असेल तोवर ते अपुरेच. सोलापूरकराच्या हाती एक गोष्ट नक्की आहे: बोटाएवढा सुका बोंबील स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मोठा मागावा, आणि मोठाच का हवा तेही विक्रेत्याला सांगावे.