सुरक्षा प्रमाणपत्र, संकेतस्थळाचे

संकेतस्थळाचा पत्ता आणि त्या पत्त्यावरील सर्व्हरची सार्वजनिक किल्ली या दोहोंचा परस्परसंबंध मान्यताप्राप्त संस्थेच्या डिजिटल स्वाक्षरीने प्रमाणित करणारा संगणकीय दस्तऐवज. या प्रमाणपत्रामुळे दोन गोष्टी साधतात : ब्राउझर व सर्व्हर यांमधील मजकूर कूटबद्ध होऊन वाटेत कोणास वाचता वा बदलता येत नाही आणि आपण ज्या पत्त्यावर गेलो तेथीलच सर्व्हर उत्तर देत आहे, याची ब्राउझरला खात्री पटते. असे प्रमाणपत्र बसविलेल्या संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होतो.

इतिहास : सार्वजनिक किल्लीची कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. प्रमाणपत्राचा ‘एक्स. ५०९’ हा नमुना १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मानकांतून पुढे आला. नेटस्केप या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल ही सुरक्षित संदेशवहनाची पद्धत प्रचारात आणली. १९९९ पासून तिची जागा टीएलएस या पद्धतीने घेतली. टीएलएसची १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात टीएलएस वापरले जात असले, तरी व्यवहारात ‘एसएसएल प्रमाणपत्र’ हेच जुने नाव रूढ आहे. आरंभी प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागत व ती मुख्यतः बँका आणि मोठ्या कंपन्या घेत. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमाने डिसेंबर २०१५ पासून ती सर्वांना विनामूल्य देण्यास सुरुवात केली. जुलै २०१८ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने प्रमाणपत्र नसलेल्या सर्व संकेतस्थळांवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे प्रमाणपत्र ही लहान संकेतस्थळांचीही गरज बनली.

तत्त्व : या पद्धतीत गणिती दृष्ट्या परस्परांशी निगडित अशा दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात छापलेली व सर्वांना उपलब्ध असते; खाजगी किल्ली सर्व्हरवर गुप्त राहते. ब्राउझरने संपर्क साधताच सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो आणि तिच्याशी जुळणारी खाजगी किल्ली आपल्याजवळ असल्याचे स्वाक्षरीद्वारे सिद्ध करतो. याच देवघेवीत दोन्ही बाजू त्या संपर्कापुरती एक सामाईक गुप्त किल्ली ठरवितात व पुढील सर्व मजकूर तिने कूटबद्ध होतो.

प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी बहुधा मध्यस्थ प्रमाणपत्राची असते, मध्यस्थावर मूळ प्रमाणपत्राची आणि मूळ प्रमाणपत्रांची यादी ब्राउझरमध्ये वा संगणकाच्या कार्यप्रणालीत आधीच साठविलेली असते. या साखळीतील एक दुवा जरी निखळला, तरी ब्राउझर वापरणाऱ्यास धोक्याची सूचना देतो.

नियंत्रण फलकाद्वारे मांडणी : स्वतःचा सर्व्हर बाळगणे लहान संस्थांना परवडत नाही; त्या होस्टिंग कंपनीकडून जागा भाड्याने घेतात आणि तिचा कारभार सीपॅनेल, प्लेस्क यांसारख्या नियंत्रण फलकावरून पाहतात. सांगलीजवळील माधवनगर येथील एखाद्या हळद व्यापाऱ्याने परगावच्या ग्राहकांकडून मागणी नोंदविण्यासाठी संकेतस्थळ उघडले आहे, अशी कल्पना केल्यास ग्राहकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक त्या संकेतस्थळापर्यंत सुरक्षित पोहोचविणे ही त्याची जबाबदारी ठरते. त्यासाठी पुढील क्रमाने कृती केली जाते.

(१) फलकाच्या सुरक्षा विभागात खाजगी किल्ली तयार करण्यात येते. आरएसए प्रकारच्या किल्लीची लांबी किमान २,०४८ बिट असावी लागते. (२) त्या किल्लीवरून प्रमाणपत्राचे विनंतिपत्र (सीएसआर) तयार होते. त्यात संकेतस्थळाचा नेमका पत्ता नोंदवावा लागतो. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह व त्याविना असलेले पत्ते वेगळे मानले जात असल्याने दोन्हींचा अंतर्भाव करणे इष्ट असते. ‘.भारत’ या २०१४ मध्ये सुरू झालेल्या देवनागरी नामक्षेत्रातील पत्ता ‘एक्सएन’ने आरंभ होणाऱ्या रोमन रूपात द्यावा लागतो. (३) विनंतिपत्र प्रमाणन संस्थेकडे पाठविल्यावर ती पत्त्यावरील ताबा पडताळते. त्याकरिता ठराविक ईमेल पत्त्यावर आलेल्या पत्राला उत्तर देणे, सांगितलेली फाइल संकेतस्थळावर ठेवणे किंवा नामप्रणालीत (डीएनएस) विशिष्ट नोंद करणे यांपैकी एक मार्ग अवलंबिला जातो. (४) पडताळणीनंतर प्रमाणपत्र व मध्यस्थ प्रमाणपत्रांचा संच मिळतो. फलकावर संकेतस्थळाचे नाव निवडून प्रमाणपत्र, खाजगी किल्ली व मध्यस्थांचा संच हे तीन मजकूर आपापल्या चौकटींत आरंभीच्या व अखेरच्या ओळींसह चिकटविले जातात आणि मांडणीची आज्ञा दिली जाते. (५) शेवटी साध्या ‘एचटीटीपी’ पत्त्यावर येणाऱ्यांना आपोआप सुरक्षित पत्त्याकडे वळविण्याची व्यवस्था करण्यात येते.

पूर्वी प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळास बहुधा स्वतंत्र आयपी पत्ता घ्यावा लागे. संपर्काच्या प्रारंभीच संकेतस्थळाचे नाव कळविणारी एसएनआय ही सोय रूढ झाल्यापासून एकाच आयपी पत्त्यावरील अनेक संकेतस्थळांना आपापली प्रमाणपत्रे वापरता येतात.

संभाव्य दोष : प्रमाणपत्र व खाजगी किल्ली जुळत नसल्यास मांडणी नाकारली जाते, विनंतिपत्रानंतर नवी किल्ली तयार केली असता हा दोष उद्‌भवतो. मध्यस्थांचा संच गाळल्यास संकेतस्थळ एका ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडते, तर दुसऱ्यात धोक्याची सूचना येते. म्हणून एकाच संगणकावर केलेली तपासणी पुरेशी ठरत नाही. पानातील चित्रे वा लिपिका अद्याप असुरक्षित पत्त्यावरून मागविल्या जात असतील, तर पान अंशतः असुरक्षित राहते. सर्वांत गंभीर दोष खाजगी किल्लीच्या हाताळणीत संभवतो. ती प्रमाणन संस्थेलाही द्यावयाची नसते. ती ईमेलने पाठविली गेली अथवा परक्याच्या हाती पडली, तर ते प्रमाणपत्र रद्द करवून नव्या किल्लीवर दुसरे घ्यावे लागते.

मुदत व नूतनीकरण : प्रमाणपत्राची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस करण्यात आली. ब्राउझर निर्माते व प्रमाणन संस्था यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरविले : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस व १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. किल्ली चोरीस गेली वा पत्त्याचा मालक बदलला, तर जुने प्रमाणपत्र अल्पावधीत निरुपयोगी व्हावे, हा यामागील हेतू आहे. इतक्या वारंवार हाताने मांडणी करणे गैरसोयीचे असल्यामुळे फलकांत स्वयंचलित नूतनीकरणाची सोय असते. मात्र पत्त्याची नोंदणी संपली किंवा नामप्रणालीतील नोंद बदलली, तर हे नूतनीकरण थांबते. यास्तव मुदतीवर लक्ष ठेवावे लागते.

भारतातील स्थिती : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये भारतात प्रमाणन संस्थांचा नियंत्रक हे पद निर्माण करण्यात आले. प्रमाणन संस्थांना अनुज्ञप्ती देणे व त्यांच्यावर देखरेख ठेवणे ही त्याची कामे होत. परंतु कायद्याची मान्यता आणि ब्राउझरची मान्यता या भिन्न गोष्टी आहेत. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या (एनआयसी) मध्यस्थ प्रमाणपत्रांखाली गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. नियंत्रकाने ती मध्यस्थ प्रमाणपत्रे ३ जुलै रोजी रद्द केली. केंद्राच्या प्रमाणपत्र-वितरणव्यवस्थेत बाहेरून शिरकाव झाल्याचे व चार प्रमाणपत्रे चुकीने दिली गेल्याचे नियंत्रकाने गूगलला कळविले. गूगलला मात्र त्यांखेरीज आणखीही आढळली. भारतीय मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरील अनेक ब्राउझर त्यावर विश्वास ठेवीत. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ते नसल्याने त्यास बाधा पोहोचली नाही. पुढे क्रोमने त्या मूळ प्रमाणपत्राचा स्वीकार ‘जीओव्ही.इन’, ‘एनआयसी.इन’ इ. मोजक्या भारतीय नामक्षेत्रांपुरता मर्यादित केला.

मर्यादा : केवळ पत्त्याची पडताळणी करून दिलेले प्रमाणपत्र पत्त्यावरील ताब्याची ग्वाही देते, दुकानदाराच्या सचोटीची वा मालाच्या प्रतीची नव्हे. फसवणुकीसाठी उघडलेल्या संकेतस्थळासही ते मिळू शकते. तसेच सर्व्हरवर पोहोचल्यानंतर माहिती कशी साठविली जाते, यावर त्याचे नियंत्रण नसते. म्हणून ग्राहकाने ब्राउझरमधील सुरक्षिततेच्या खुणेबरोबरच पत्त्यातील प्रत्येक अक्षर वाचणे आणि संकेतस्थळाच्या चालकाने आलेल्या माहितीचे स्वतंत्रपणे रक्षण करणे आवश्यक असते.