ट्रकलाही ऊब लागते!



आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे एखादी जुनी गाडी कुरकुरली, तर चारजण धक्का मारतात आणि गाडी सुरू होते. पण पारा शून्याखाली ३०-४० अंश उतरतो तिथे काय करत असतील? कॅनडातले विनिपेग, अमेरिकेच्या अलास्का राज्यातले फेअरबँक्स ही अशी गावे आहेत. तिथे ट्रक अडला तर दुकानात दूध पोचत नाही, दवाखान्यात औषध पोचत नाही. आणि आडरानात अडला तर ड्रायव्हरच्या जिवाशीच गाठ! म्हणून तिथे इंजिनाला विजेचा हीटर बसवतात. माझे मामा ट्रक चालवतात. इंजिनाचे काम मी त्यांच्याकडून समजून घेतले. तेच आज सांगतो.

थंडीत इंजीन का अडते?

१) ऑईल घट्ट होते. थंडीत खोबरेल तेल थिजते, मग आपण बाटली उन्हात ठेवतो. तसेच इंजिनातले ऑईलही दाट होते. मग इंजीन फिरवायला स्टार्टरला फार जोर लागतो.

२) बॅटरी मंदावते. बॅटरीत रासायनिक क्रियेने वीज मिळते आणि गारठ्यात ती क्रियाच संथ होते. उणे १८ अंशांना बॅटरीचा जोर जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे काम वाढले आणि गडी थकला!

३) डिझेल पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा जोरात दाबतो, दाबलेली हवा तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की ते पेट घेते. सायकलचा पंप मारताना खालचे टोक गरम लागते ना, तेच हे. पण सिलिंडरचे लोखंड फार गार असले, तर ही उष्णता लोखंडच पिऊन टाकते.

हीटर कसा काम करतो?

बादलीत पाणी तापवायचा रॉड आपण पाहिला आहे. हा हीटर त्याचाच धाकटा भाऊ. इंजिनात पाणी खेळवण्याच्या पोकळ्या असतात. थंड देशात त्यांत ग्लायकॉल मिसळलेले पाणी भरतात, म्हणजे ते गोठत नाही. हीटर त्यातच बुडलेला असतो. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली असते. ती विजेला जोडली की पाणी तापते आणि सारे इंजीन कोमट होते. तिकडे गाड्या उभ्या करायच्या जागीसुद्धा विजेचे खांब असतात. दावणीला गुरे बांधावीत तशा गाड्या वायरीने बांधलेल्या दिसतात!

असा एक हीटर अँड्र्यू फ्रीमन यांनी शोधला. ते अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे काम पाहत. इंजिनाचा एक बोल्ट काढून तिथे तापणारा पोकळ बोल्ट बसवायचा, अशी त्यांची युक्ती होती. १९४९ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्याआधी लोक रात्री ऑईल काढून घरात ठेवत आणि सकाळी गरम करून परत ओतत. कुणी इंजिनाखाली जाळही करत. त्यात गाडीच पेटण्याची भीती.

आता गणित करा. १५०० वॅटचा हीटर १० तास चालला तर १५ युनिट वीज जाते. ३ तास चालला तर साडेचार युनिट. निघण्याआधी तीन-चार तास बहुधा पुरे होतात, म्हणून शहाणी माणसे टायमर लावून झोपतात.

लक्षात ठेवा

हीटर टाकीतले डिझेल तापवत नाही. कडक थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. त्यासाठी तिकडे हिवाळ्याचे वेगळे डिझेल मिळते. इंजिनातले पाणी कमी असेल तर हीटर जळतो. वायर जाड आणि अर्थिंगची हवी, आणि निघताना ती आठवणीने काढायची.

शेवटची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. इंजीन तापवायला ते बंद खोलीत चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी दगावतो. ज्यांच्या शेतावर डिझेल इंजीन आहे त्यांनी खोलीचे दार-खिडकी उघडी ठेवावी आणि धुराचा पाईप बाहेर काढावा. घरी गेल्यावर एवढे नक्की पाहा.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी