प्रतिसरकारची फिरती न्यायालये आणि त्यांची कागदपत्रे

सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारची, म्हणजे भूमिगत कार्यकर्त्यांनी ब्रिटिश सत्तेला समांतर उभ्या केलेल्या सरकारची, न्यायदान मंडळे गावोगाव खटले चालवीत होती. वाळवा, तासगाव, खानापूर हा आज सांगलीत मोडणारा मुलूख तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि पुढे त्याचेच नाव सांगली पडले.

‘भारत छोडो’ चळवळीत सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज व इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे मारली गेली. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले. सरकारचा धाक ओसरताच दरोडेखोरांनी उचल खाल्ली; शिवाय भूमिगतांच्या नावावर लुटालूट करणारेही निघाले. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, किसन वीर यांच्या चळवळीला लोकांत टिकायचे तर आधी हा बंदोबस्त करणे भाग होते. न्यायदानाची गरज तिथून निर्माण झाली.

पोलीस मागावर असल्याने मंडळाला एका जागी बसता येत नसे. कार्यकर्ते गावात येत, तक्रार ऐकत, दोन्ही बाजूंना गावकऱ्यांसमोर बोलायला लावत आणि तिथल्या तिथे निकाल देत. चोरी, दरोडा, स्त्रियांवरील अत्याचार यांबरोबर सावकाराने दाबलेली जमीन, भाऊबंदकीचे वाद, नवऱ्याने टाकलेली बायको अशीही प्रकरणे येत. वकील नाही, स्टँप नाही, तारखांवर तारखा नाहीत. गरिबाला हा न्याय आपला वाटला तो यामुळेच. दंड, फटके, गावासमोर माफी अशा शिक्षा होत. अंमलबजावणीला प्रतिसरकारचे स्वयंसेवक दल, तुफान सेना, असे. कुंडलसारखी काही गावे औंध संस्थानात होती. तिथे ब्रिटिश पोलिसांना थेट हात घालणे अवघड जाई आणि त्याचा भूमिगतांना मोठा आधार झाला.

या न्यायालयांचे दप्तर मात्र फार थोडे आहे. इतरत्र फिरत्या न्यायाचे कागद टिकलेले दिसतात. इंग्लंडमध्ये न्यायाधीश ठरलेल्या मार्गाने परगण्यांत फिरून फौजदारी खटले चालवीत. ही पद्धत १९७१च्या कायद्याने संपली, पण लंडनभोवतालच्या परगण्यांतील आरोपपत्रे १५५९पासून जपलेली आहेत. मराठी मुलखात गावचे वाद निवडणाऱ्या गोतसभेचेही महजर, म्हणजे निवाडापत्रे, उरले आहेत. त्यांवर वतनदारांच्या सह्या आणि कुणब्यांची नांगराची निशाणी दिसते. राजाची सत्ता पाठीशी असलेल्या न्यायाला कागद जपणे परवडत होते. प्रतिसरकारच्या बाबतीत सापडलेला कागद म्हणजे फिर्यादी, साक्षीदार आणि पंच यांच्या अटकेची यादीच ठरली असती.

त्यामुळे अभ्यासकाला दोन वाटांनी जावे लागते. एक, मुंबई सरकारच्या गृहखात्याच्या गुप्त फायली. त्यांत हीच मंडळे गुन्हेगार टोळ्या म्हणून दिसतात. पण कोणत्या भागात सरकारचे चालेनासे झाले, याची कबुलीही तिथेच मिळते. दुसरी वाट चळवळीतल्या माणसांच्या आठवणींची. अभ्यासकांपैकी ए. बी. शिंदे आणि कासेगावला स्थायिक झालेल्या गेल ऑम्व्हेट यांनी या चळवळीवर मोलाचे लेखन केले आहे. फायली आणि आठवणी ही दोन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ‘पत्र्या ठोकणे’ या शिक्षेचेच उदाहरण घ्यावे. अपराध्याच्या पायाला घोड्यासारखे नाल ठोकत, अशी कथा सर्वदूर पसरली. चळवळीतल्या माणसांनी मात्र तळपायांवर काठीचे फटके मारले जात, असे सांगितले आहे. निकालपत्र नसल्याने कथा सहज वाढली, आणि तिच्या धाकाने गुंड गाव सोडून जात असल्याने ती खोडून काढण्याची घाई त्या वेळी कोणाला नव्हती.

१९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले आणि न्यायदान मंडळांचे काम थांबले.