वीस मिलिलिटर आणि सतरा कोटी लिटर

साध्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असतं. एक मिलिमीटर पाऊस झाला की बाटलीत २० मिलिलिटर पाणी जमतं. आता बीड जिल्हा घ्या. क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. जिल्ह्यात ६३ महसूल मंडळं होती, तेव्हाच्या हिशेबाने एका मंडळाच्या वाट्याला सरासरी १७० चौरस किलोमीटर येतात. मंडळात मापक एक, आणि ते सांगेल तो सगळ्या मंडळाचा पाऊस. म्हणजे बाटलीत २० मिलिलिटर वाढले की मंडळभर १७ कोटी लिटर पाणी पडलं, असं कागदावर धरलं जातं. मंडळ मापकाच्या तोंडाच्या ८५० कोटी पट मोठं! ६३ मापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर सव्वा चौरस मीटर जागा भरेल. अंगणातली बाज याहून मोठी असते.

या वीस मिलिलिटरला पैशांतही किंमत आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेघ ओलांडली की पीक नुकसानीच्या मदतीसाठी मंडळ अतिवृष्टीत धरलं जातं. बाटलीत हे पाणी होतं १.३ लिटर. एक मिलिमीटर कमी भरला की मंडळ रेघेच्या अलीकडे. इकडे आष्टी-पाटोद्याचा बालाघाट डोंगर, तिकडे गेवराई-माजलगावची गोदाकाठची सपाटी. एका शिवारात ओढा फुटतो आणि पलीकडच्या गावात धुरळा उडत असतो. त्यामुळे ‘मापक कुठे बसवलंय?’ हा प्रश्न बीडमध्ये बांधावर विचारला जातो. संशोधकाचा पहिला प्रश्नही हाच असायला हवा.

आता महावेध प्रकल्पातून मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. मापकाचं तोंड लहानमोठं असेल, हिशेब तोच. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा असे पाच आकडे दर दहा मिनिटांनी नोंदले, तर एका केंद्राचे दिवसाला ७२० आकडे होतात. ६३ केंद्रांचे ४५,३६०. वर्षाचे १ कोटी ६५ लाख ५६ हजार ४००. एका आकड्याला दहा बाइट धरले तरी हा सगळा ऐवज १६५ एमबीच्या आसपास; कुणाच्याही मोबाइलमध्ये मावेल. साठवण्याची अडचण नाहीच. दहा वर्षांनी यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून ‘हा कुठला, कधीचा, कशाचा?’ असं विचारलं तर उत्तर मिळेल का, ही खरी अडचण आहे.

साधी तारीख घ्या. भारतीय हवामान खात्याच्या दैनिक पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १४ जुलैच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस १५ जुलैच्या रकान्यात जातो. हे ठाऊक नसलेल्या संशोधकाने तो सोयाबीनच्या १४ तारखेच्या नोंदीशी जोडला की सगळा अभ्यास एका दिवसाने सरकतो.

दुसरी गंमत न मिळालेल्या आकड्यांची. हवामान खात्याच्या चौकोनवार पावसाच्या माहितीत, जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. महिन्यातल्या २९ दिवसांचा मिळून १७४ मिलिमीटर पाऊस आणि एक दिवस उणे ९९९, अशी बेरीज न बघता केली तर त्या महिन्यात उणे ८२५ मिलिमीटर पाऊस झालेला दिसतो. ही चूक निदान डोळ्यांत खुपते. रिकाम्या जागी कुणी शून्य टाकलं तर? यंत्र बंद असलेला दिवस कोरडा दिवस ठरतो, आणि कुणाला शंकाही येत नाही.

ही चौकोनवार माहिती म्हणजे एक अचाट काम आहे. १९०१ ते २०१० या ११० वर्षांच्या ६,९५५ ठाण्यांच्या नोंदींवरून देशावर पाव अंशाच्या चौकोनांची जाळी विणली गेली: १३५ उभ्या ओळी, १२९ आडव्या, एकूण १७,४१५ खुणा. बीड जिल्हा क्षेत्रफळाने अशा जेमतेम पंधरा चौकोनांएवढा. तेवढ्याचेच ४०,१७७ दिवसांचे सहा लाखांवर आकडे होतात. उलट सगळ्या देशाची एका वर्षाची फाइल २५ एमबीची. हजारो माणसांनी रोज सकाळी बाटली ओतून मोजलेलं पाणी एवढ्याशा जागेत बसतं, आणि शंभर वर्षांपूर्वीचं असूनही वापरता येतं. कारण ठाणं, तारीख आणि एकक कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

नावांचा घोळ वेगळाच. २०११ च्या जनगणनेत बीडचं इंग्रजी स्पेलिंग तीन अक्षरी आहे, इतरत्र चार अक्षरी. संगणकाला ते दोन जिल्हे वाटतात. शेजारच्या औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगरची नावं बदलली. मंडळांची फेररचना होऊन संख्याही वाढली, म्हणजे जुन्या मंडळाचा पाऊस नव्या मंडळाचा राहिला नाही. इलाज स्वस्त आहे: नावासोबत संकेतांक लिहायचा. त्या जनगणनेत बीडचा ५२३ आहे.

हे सगळं आधी ठरवण्याच्या कागदाला विदा (डेटा) व्यवस्थापन आराखडा म्हणतात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०११ पासून प्रत्येक संशोधन प्रस्तावासोबत तो मागायला सुरुवात केली, आणि मर्यादा घातली दोन पानांची. भारत सरकारचं विदा खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ चं. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी चार कसोट्या मांडल्या: माहिती सापडावी, मिळावी, दुसऱ्या माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी.

बीडच्या पावसाचा आणि सोयाबीनचा अभ्यास करणाऱ्याने दोन पानांत काय लिहावं? मापकाचं ठिकाण अक्षांश-रेखांशासह. दिवस कधी सुरू होतो. नसलेला आकडा कसा दाखवला. मंडळाच्या सीमा कोणत्या वर्षीच्या. तीन प्रती कुठे ठेवल्या, त्यातली एक गावाबाहेर आहे का. आणि कोणाला काय द्यायचं. पाऊस सर्वांना खुला करावा. मुलाखत दिलेल्या शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि कर्जाचा आकडा मात्र देऊ नये. नाव खोडून गट नंबर ठेवला, तर सातबारा उघडून कुणीही त्याच्या दारापर्यंत पोहोचतो.

वर्षाला दीड कोटीवर आकडे, आणि त्यांचा अर्थ टिकवायला दोन पानं. पण ती अभ्यास संपल्यावर लिहायची नसतात. जुलैत बंद पडलेलं मापक नेमके किती दिवस बंद होतं, हे ऑक्टोबरात आठवून लिहिता येत नाही.